अर्थ विचारू नये

"लिंबू," केरूकाका म्हणाले. "लाइम म्हंजे लिंबू. थंडाच्या बाटलीवर छापलेलं असतंय."

"नुसतं लाइम नाही, काका. स्पेलिंग बघा, पुढे डॉट्स आहे," निनाद म्हणाला. "आणि लाइम म्हणजे चुनासुद्धा. लाइम डॉट्स. चुन्याचे ठिपके."

"मग हे पानपट्टीवाल्याचं पोरगं झालं."

आई डिंकाचे लाडू वळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "वही लांब धरा. तूप लागेल."

वही बाबांची होती. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते आणि निनादचा मुलगा सहा दिवसांचा होता. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली, पण त्या पानावरचं अक्षर मला अजून जसंच्या तसं दिसतं.

बाबा एकतीस वर्षं नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसले. तालुक्याच्या गावात जन्मलेलं प्रत्येक मूल त्यांच्या पेनाखालून गेलं. नाव नोंदवायला आलेल्या बापाला ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "अर्थ काय?" ज्याला सांगता येत नसे त्याला बाकावर बसायला लागे. एकाने सांगितलं होतं, "अर्थ असा नाही साहेब, ऐकायला छान वाटतं." बाबा म्हणाले, "शिट्टीही छान वाटते." तो माणूस घरी जाऊन बायकोला विचारून आला.

माझं नाव ऋजुता. म्हणजे सरळपणा. माझा भाऊ जन्मला तेव्हा दवाखान्याबाहेर ऐकू गेला, म्हणून निनाद. केरूकाकांना माझं नाव कधीच उच्चारता आलं नाही. ते मला रुजू म्हणत, आणि मी सुट्टीत नागपूरहून घरी आले की दारातच विचारत, "रुजू झाली का?"

वहीत तीन रकाने होते. नाव, मूळ, अर्थ. निवृत्त झाल्यावर बाबांना मराठी पुरेनासं झालं. ते तमिळ, फारसी, मग जपानी आणि कुठल्याकुठल्या भाषांतली नावं उतरवू लागले. परदेशातल्या ग्रंथालयांना पत्रं पाठवत. पोस्टमनला आमचं घर डोळे मिटून सापडलं असतं. आणि शेवटच्या लिहिलेल्या पानावर, बाकीचं पान कोरं सोडून, एवढंच होतं:

निनादला मुलगा झाल्यास – लाइमदुओत्स.
बाराव्या दिवशी ऋजूने कानात सांगावे.
अर्थ विचारू नये.
मुलगी झाल्यास केतकीला विचारावे.

नावाखाली इंग्रजी स्पेलिंग. मूळच्या रकान्यात लॅटव्हिया. अर्थाचा रकाना रिकामा. सबंध वहीत तेवढा एकच. खाली समासात रीगा या गावातल्या एका ग्रंथालयाचा पत्ता.

मी ते चारदा वाचलं. बाबा गेले त्या दुपारी मी कॉलेजात उत्तरपत्रिका तपासत होते आणि फोनचा आवाज बंद केलेला होता. निनादचे अकरा फोन येऊन गेले होते. मी पोचले तेव्हा अंगणात नुसत्या खुर्च्या होत्या. त्यानंतर बाबांनी माझ्यावर सोपवलेलं असं हे एकच काम उरलं होतं.

"ताई, जरा आत येता?" केतकीने खोलीतून हाक मारली.

केतकी निनादची बायको. इंग्रजी शाळेत पहिलीला शिकवायची. तिचे आईवडील थोरल्या मुलीकडे परदेशात अडकले होते, म्हणून बाळंतपण आमच्याकडे झालं. ती बाजेवर बसून बाळाला पाजत होती.

"मी सगळं ऐकलंय," ती म्हणाली. "लिंबूपर्यंत ठीक होतं."

"काका गंमत करतात."

"काका करतात. शाळेतली मुलं गंमत करत नाहीत. मी रोज सकाळी बेचाळीस मुलांची हजेरी घेते. कुठल्या नावावर वर्ग हसतो ते मला पाठ आहे. माझ्या वर्गात एक कचरू आहे. नाव पुकारलं की तो तोंडाने 'हजर' म्हणत नाही. बोट वर करतो आणि मान खाली."

मी बाजेच्या कडेला बसले.

"माझ्या मुलाचं नाव अर्णव. सात वर्षं झाली ठरवून. तीन डॉक्टर बदलले. त्या सात वर्षांत मला ठरवता येईल असं तेवढंच होतं." तिने बाळाला खांद्यावर घेतलं. "बाबांवर माझा राग नाही. मला त्यांनी सुनेसारखं कधी वागवलंच नाही. पण गावातल्या प्रत्येक बापाला अर्थ विचारणाऱ्या माणसाने स्वतःच्या नातवाच्या वेळी 'अर्थ विचारू नये' लिहून जायचं?"

"अर्थ कळला तर?"

"कळू दे आधी. शिवीबिवी निघाली तर काय करायचं?" मग ती जरा थांबून म्हणाली, "तुम्ही आत्या आहात. कानात सांगण्याचा मान तुमचा. तुम्ही जे सांगाल ते त्याला लागेल. मी काही वाकून तुमचं तोंड धरणार नाहीये. म्हणून आत्ताच विचारते. तुम्ही काय सांगणार?"

"मला माहीत नाही, केतकी."

"सहा दिवस आहेत," ती म्हणाली आणि बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली.

मी घरातली वाचणारी म्हणून शोध माझ्याकडे आला. त्या वेळी इंटरनेटवर आजच्याइतकं काही मिळत नसे. निनादच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी रात्रंदिवस बसले असं नाही. अर्ध्या तासात संपलं. त्या नावाचा एक दंतवैद्य सापडला आणि एक बर्फावर हॉकी खेळणारा. दोघांनीही आपल्या नावाचा अर्थ कुठे दिला नव्हता. मग मी रीगाच्या त्या ग्रंथालयाचा ई-मेल शोधला आणि चार ओळी लिहिल्या. माझे वडील वारले, त्यांनी असं असं नाव लिहून ठेवलं आहे, बारसं अमुक तारखेला आहे, अर्थ कळवाल का? 'बारसं' या शब्दासाठी मला तीन ओळी खर्च कराव्या लागल्या. त्या धरून सात झाल्या.

उत्तर येईना. दरम्यान केरूकाकांनी आपला तपास चालू केला होता.

केरूकाका बाबांचे धाकटे भाऊ. वस्तीवर राहत आणि बारशासाठी म्हणून येऊन ठेपले होते. आयुष्यभर बाबा त्यांच्या मागे लागले होते की नाव बदलून घे, केदार कर, किरण कर, कागद मी करतो. काका म्हणत, "केरू म्हंजे केर. कुणाला अर्थ सांगत बसाय लागत न्हाई."

सातव्या दिवशी काका एका चिठ्ठीवर निनादकडून ते नाव इंग्रजीत लिहून घेऊन बाजारात गेले. कुणीतरी शिकलेला माणूस भेटेल म्हणून औषधाच्या दुकानात शिरले. दुकानदाराने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"मग काय म्हणाला?" आईने विचारलं.

"म्हणला, माल संपलाय. सोमवारी येईल. तोवर त्याच्याच बदली दुसरी हाय, देऊ का?"

"आणि तुम्ही?"

"इचारलं की, कशावर असतीया. म्हणला, डॉक्टरनं लिहून दिलीय न्हवं, मग घ्या, सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर."

आईला हसू आलं. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं आणि लगेच तिने पदर तोंडावर घेतला.

आठव्या दिवशी निनादने जोशीगुरुजींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून मोठा आवाज केला. केतकी दारात उभी होती. गुरुजींनी वेळ विचारली, मिनिटं विचारली, पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"अश्विनी नक्षत्र, चौथा चरण. चू, चे, चो, ला. 'ला'वरून नाव यायला हवं."

"अ नाही का कुठे?" केतकी म्हणाली.

"अ कृत्तिकेत. दोन दिवस थांबायला हवं होतं."

"ते माझ्या हातात नव्हतं गुरुजी."

"'ला'वरून काय काय आहे?" निनादने विचारलं.

"फार नाही. लाभेश. लालचंद. लावण्य आहे, पण ते मुलीचं."

काका फोनजवळ वाकून एकेक अक्षर सोडवत म्हणाले, "लाइम. दुओ. त्स."

पलीकडे पुन्हा पानं उलटली. "पुन्हा सांगा," गुरुजी म्हणाले. काकांनी पुन्हा सांगितलं. "धातू सापडत नाही," गुरुजी म्हणाले. "संस्कृत नव्हे, प्राकृतही वाटत नाही. पण अक्षर बसतं. अक्षर अगदी नेमकं बसतं."

केतकी आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती निनादशी बोलेना. माझ्याशी बोले, पण कामापुरतं. निनाद दुकानातून उशिरा येऊ लागला. मधल्या मधे मला मात्र ते नाव दिवसभर मनात म्हणायची सवय लागली. भाजी निवडताना, दुपटी वाळत घालताना. प्रत्येक वेळी ते थोडं वेगळं निघायचं.

दहाव्या दिवशी काका म्हणाले, "नाव कागदावर बघून कळत न्हाई. ओढून बघाय लागतं. लांबनं हाक मारता आली पायजे." ते गल्लीच्या टोकाला गेले. निनाद आमच्या फाटकात उभा राहिला. काकांनी तोंडाशी हात धरून दोनदा हाक मारली, "लाइमदोत्स्याऽऽ." दोन घरांच्या खिडक्या उघडल्या आणि कुठूनतरी एक तांबडं कुत्रं शेपूट हलवत धावत आलं.

"येतंय बघा," काका तिथूनच म्हणाले.

केतकी खिडकीतून बघत होती. तिने पडदा सरकवला तो पुन्हा बारशापर्यंत उघडला नाही.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेले. बाळ झोपलं होतं. ती पाळण्याला बांधायच्या रिबिनी कापत होती.

"उत्तर आलं नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मग बाबांनी सांगितलं तसं. अर्थ न विचारता."

तिने कात्री खाली ठेवली. रागावेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाला ते नाव आवडतं का ताई?"

"नाही."

"म्हणजे बाबांनी तुम्हाला सांगितलं म्हणून."

"हो."

"आणि तुम्हाला त्यांना दुसरं काही देता येत नाही म्हणून."

मी तिच्या हातातली रिबीन घेतली आणि टोक कापलं. ते वाकडं गेलं. ती म्हणाली, "राहू द्या, मी करते."

बाराव्या दिवशी सकाळी निनाद दुकान उघडून परत आला तो कागद घेऊन. मेल रात्री आली होती आणि त्याने ती छापून आणली होती. बारसं चारला होतं. वर्ष व्हायचं असल्यामुळे फार कुणाला बोलावलं नव्हतं, शेजारपाजारच्या पंधरा-वीस बायका तेवढ्या. आई स्वयंपाकघरात हरभऱ्याच्या घुगऱ्यांना फोडणी देत होती. आम्ही सगळे तिथेच जमलो. केतकी बाळाला घेऊन उंबऱ्यावर बसली. एक पाय खोलीत, एक बाहेर, म्हणजे ती आलीही होती आणि नव्हतीही.

पत्र इंग्रजीत होतं. मी वाचत वाचत मराठीत सांगत गेले.

"लिहिणारी मारुता नावाची बाई आहे."

"मारुती?" काका म्हणाले.

"मारुता. ती म्हणते, उशीर झाला, क्षमा करा, मी रजेवर होते. तुमचे वडील गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. मी त्यांना ओळखत होते."

"कशी काय?" आईने झारा हातात तसाच धरला.

"तीन वर्षांपूर्वी बाबांनी त्यांना पत्र पाठवलं होतं. आणखीही बऱ्याच देशांना पाठवलं होतं, असं त्यांनीच कळवलं होतं म्हणे. सगळ्यांना एकच प्रश्न." मी पुढची ओळ आधी मनात वाचली. "मूल जन्मल्यावर येऊन त्याचं नशीब ठरवून जाणारी देवी तुमच्याकडे आहे का? आणि असल्यास, त्या देवीने दिलेला, अशा अर्थाचं मुलाचं नाव आहे का?"

फोडणी तडतडत होती. आईने गॅस बंद केला.

"ती म्हणते, बाकी ठिकाणांहून काय उत्तरं आली मला माहीत नाही, पण आमच्याकडे अशी देवी आहे. लाइमा. पूर्वी आमच्या बायका न्हाणीघरात बाळंत होत, तिथे ती येते आणि मुलाच्या वाट्याला काय ते ठरवून जाते. दुओत्स म्हणजे दिलेला. तुमच्या वडिलांनी मला कळवलं की आमचं दुओत्स आणि तुमचं दत्त हे मुळात एकच. त्यांना त्याचा फार आनंद झाला होता. लाइमदुओत्स म्हणजे लाइमेने दिलेला. नाव जुनं आहे, आता क्वचित कुणी ठेवतं. आजोबा लोकांचं नाव."

"शिवी नाही," निनाद केतकीकडे बघून म्हणाला.

"मी ऐकतेय," केतकी म्हणाली.

"मारुताने त्यांना उत्तर पाठवल्यावर त्यांचं आणखी एक पत्र आलं. त्यात एकच ओळ होती." मी कागद जरा जवळ धरला. "या नावाच्या मुलाला शाळेत हसतील का?"

केतकीने बाळावरचं दुपटं उगाच नीट केलं. "काय लिहिलं मग तिने?"

"तिने लिहिलं, आमच्याकडे थोडंसं हसतील. तुमच्याकडे कुणाला कळणारच नाही. यावर त्यांनी आभाराचं कार्ड पाठवलं." कागदावर पुढे उच्चार कसा करायचा ते होतं, आणि बाळाला आशीर्वाद.

मी कागदाची घडी केली. निनाद म्हणाला, "म्हणजे देवीने दिलेला. चांगला आहे की अर्थ. मग विचारू नये कशाला?"

"सटव्या," केरूकाका म्हणाले.

ते भिंतीला टेकून पाटावर बसले होते. आम्हाला वाटलं कुणाला तरी बोलावताहेत.

"कोण?" आईने विचारलं.

"दादा." काका कुणाकडे बघत नव्हते. "वैनी, तुमी सात दिसांमागं पाचवी पुजली. बाळाच्या उशाला कोरा कागद आन् पेन ठेवलं. ते कुणासाठी?"

"सटवाईसाठी. ती येऊन नशीब लिहिते म्हणून."

"मग तीच की ही. लाइमा." त्यांनी ते नाव पहिल्यांदा बरोबर उच्चारलं. "आमच्या आईची तीन गेली. तिन्ही पाचवीच्या आत. चवथ्याला तिनं सटवाईला जाऊन पदर पसरला. दादा जगला. सटवाईनं दिला म्हणून नाव सटवा. मी झालो तवा आई भ्याली, की आता दोन दोन हायेत, नजर लागंल. म्हणून मी केर."

"बाबांचं नाव सत्यवान होतं," निनाद म्हणाला. तो प्रश्न होता की नाही ते कळलं नाही.

"सातवीत झालं ते. नवा मास्तर आला. हजेरीला सटवाच्या जागी सटवी म्हणला. मुद्दाम म्हणला का चुकून, देव जाणे. वर्ग हसला. तवाधरनं पोरं रोज सटवी म्हणाय लागली. दादा वर्षभर मान खाली घालून बोट वर करायचा. मग हेडमास्तरच्या हातापाया पडून त्यानं दाखल्यावरचं नाव बदलून घेतलं. जास्त काय करायचंच नव्हतं. ट चा त्य केला, आन् शेवटाला न जोडला. सटवाचा सत्यवान. मला देवाम्होरं शपथ घातली, की पुन्हा ते नाव काढायचं न्हाई. मी दादा म्हणाय लागलो."

"आणि सासूबाई?" आईने विचारलं.

"आईला म्हणला, आता सत्यवान म्हणायचं. ती म्हणली, माज्या तोंडात बसंना. मग सत्यवानबी म्हणली न्हाई आन् सटवाबी म्हणली न्हाई."

"त्यांना थोरल्या म्हणायच्या," आई सावकाश म्हणाली. "मला वाटायचं लाडाने."

"मरस्तोवर थोरल्याच म्हणली."

बाहेर फाटक वाजलं. बायका यायला लागल्या होत्या. निनाद उठला नाही. मी आईकडे पाहिलं. तिने झारा पुसून जागेवर ठेवला, घुगऱ्यांवर झाकण घातलं आणि ओट्याला पाठ टेकून उभी राहिली.

"म्हणजे एक्केचाळीस वर्षं माझे सगळे उखाणे चुकले," ती म्हणाली.

आधी काकांना हसू फुटलं. मग निनादला, मग मला, आणि ते कुणालाच आवरेना. आई मात्र हसली नाही. ती मनाशी काहीतरी मोजत असल्यासारखी उभी होती. लग्नातला, मंगळागौरीतला, हळदीकुंकवातला, एकेक उखाणा बहुतेक ती आठवून बघत होती.

केतकी उंबऱ्यावरून उठली. बाळ जागं झालं होतं आणि त्याची मूठ तिच्या गळ्यातल्या साखळीत अडकली होती.

"ताई," ती म्हणाली. "कानात बाबांचं सांगा. मोठ्याने माझं."

"चालेल तुला?"

"कानात सांगितलेलं कुठलीच बाई हजेरीत वाचत नाही."

"आणि दाखल्यावर?"

"दाखल्यावर अर्णव. तो ट चा त्य करायचा त्रास नको पुन्हा कुणाला." ती बाहेर जाता जाता वळली. "उच्चार नीट बघून घ्या. चुकीचं सांगू नका त्याला."

मी मोरीत जाऊन कागद उघडला आणि मारुताने लिहिलं होतं तसं चार वेळा म्हटलं. दु आणि ओ जोडून, शेवट झटकन. चौथ्या वेळी बरं आलं.

पाळणा बाहेरच्या खोलीत बांधला होता. बायकांनी बाळाला पाळण्याखालून-वरून दिलं-घेतलं, पाळणा म्हटला. मग माझी हाक झाली. "आत्याबाई, या." मी पाळण्यात वाकले. बाळाच्या कानावर अजून तान्ह्याची मऊ लव होती. माझ्या पाठीमागे बायका मुठी सावरून उभ्या राहिल्याचं मला कळत होतं, कारण नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत बुक्के बसतात.

मी त्याच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. चुकलं नाही. तो जांभई देत होता. मग मी आणखी दोनदा सांगितलं, कारण तीनदा सांगायचं असतं.

बुक्के बसले. धपाधप, नेहमीसारखे, हसत हसत. कुणाची बांगडी लागली, कुणाची अंगठी. संपल्यावर मी सरळ व्हायला हवं होतं. मला होता येईना. मी पाळण्याची कड धरून तशीच वाकून राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी बाळाच्या दुपट्यावर पडत राहिलं. दोन महिन्यांत ते पहिल्यांदाच येत होतं.

"अगं बाई, जोरात लागलं का हो?" शेजारच्या पाटकुलेकाकूंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"माझाच लागला असेल. हात जड आहे माझा."

कुणीतरी पाणी आणलं. मी डोळे पुसले. "नाव काय ठेवलं ते सांगा की," बायका म्हणाल्या. मी सरळ झाले आणि मोठ्याने सांगितलं, "अर्णव." सगळ्यांना आवडलं. एकजण म्हणाली, ऐकायला छान वाटतं. केतकीने माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं.

मग केतकीला नाव घ्यायला लावलं. तिने निनादचं नाव घेतलं, दोन ओळींत उरकून. बायका पुढे सरकल्या, ताटं यायची वाट बघू लागल्या.

"थांबा," आई म्हणाली. "मी पण घेते."

नवरा गेलेल्या बाईने उखाणा घ्यायचा नसतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं. पाटकुलेकाकूंनी आईचा दंड हलकेच धरला, जशी चक्कर आलेल्या माणसाला धरतात तसा. आईने तो हात काढून त्यांच्याच मांडीवर ठेवला. दारात केरूकाका उभे होते. ते मागे सरकले नाहीत. आईने पाळण्याच्या दोरीला हात लावला. तिचा आवाज सुरुवातीला ऐकू येईना, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"पाळण्याच्या दोरीला गाठी मारल्या नऊ,
सटवारावांचं नाव घेते, आता कुणाला भिऊ."

कुणी टाळी वाजवली नाही. एकमेकींकडे बघणं चाललं होतं. पाटकुलेकाकूंनी हळूच शेजारणीला विचारलं, पण खोली इतकी गप्प होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"सटवाराव कोण?"

"आमचे हे," आई म्हणाली. "घुगऱ्या घ्या."